मसाज थेरपीची पहिली अपॉइंटमेंट: काही महिने नियमित घेतल्यानंतरचा अनुभव

मसाज थेरपी काही महिने सातत्याने घेतली की एक गोष्ट पक्की कळते. पहिल्या दिवशी अंग किती हलकं झालं, यावरून थेरपिस्टची पारख होत नाही. उबदार खोलीत तासभर फोनशिवाय डोळे मिटून पडलं की जवळपास प्रत्येकालाच बरं वाटतं. पहिल्या भेटीत पाहायचं ते वेगळंच असतं. थेरपिस्टने किती विचारलं, हात लावण्याआधी काय तपासलं आणि "जरा हळू" म्हटल्यावर दाब खरोखर कमी झाला का? पुढच्या महिन्यांत फायदा होणार की नुसताच आराम मिळणार, हे बरंचसं यावरच ठरतं. म्हणून हा अनुभव लिहिताना सगळ्यात जास्त जागा पहिल्या भेटीला दिली आहे.

आधी वेळेचा हिशेब. '६० मिनिटांचं सेशन' म्हणजे दरवेळी ६० मिनिटं मसाज असं नसतं. फॉर्म, बोलणं, कपडे बदलणं हे त्यातच धरलं असेल तर प्रत्यक्ष मसाज ४५ ते ५० मिनिटांचाच होतो. बुकिंग करतानाच विचारून घ्या, आणि पहिल्या वेळी १०-१५ मिनिटं आधी पोचा. पहिल्या भेटीला ६० मिनिटं पुरतात. ३० मिनिटांत मान-खांदे किंवा कंबर असा एकच भाग नीट होतो; तेवढ्या वेळात अख्खं अंग करून घ्यायला गेलं तर सगळीकडे नुसता हात फिरतो. ९० मिनिटं पहिल्याच वेळी नकोत, कारण तुमचं शरीर दाबाला कसं उत्तर देतं हे अजून दोघांनाही माहीत नसतं.

निघण्याआधी

भरपेट जेवण दीड-दोन तास आधी झालेलं असावं, कारण निम्मा वेळ पालथं झोपायचं असतं. पण अगदी उपाशीही जाऊ नये, मधुमेहाची औषधं चालू असतील तर मुळीच नाही. त्याच दिवशी पायांवर रेझर किंवा वॅक्स केलेलं असेल तर तेल झोंबतं. गळ्यातलं, कानातलं, घड्याळ घरीच ठेवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर डबी सोबत न्या. चेहऱ्याच्या गोल उशीत डोळ्यांभोवती दाब येतो आणि लेन्स टोचायला लागते. केस लांब असतील तर वर बांधायला रबर हवं, नाहीतर मानेवरचं सगळं तेल केसांत जातं.

दोन गोष्टी बहुतेकांच्या लक्षात येत नाहीत. पहिली, चालू औषधांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. फॉर्म भरताना नावं आठवत नाहीत. दुसरी, "दुखू नये म्हणून" जाण्याआधी मुद्दाम वेदनाशामक गोळी घेऊ नका. दाब जास्त होतोय हे सांगणारी तुमची जाणीवच त्याने बोथट होते. डॉक्टरांनी नियमित दिलेली गोळी मात्र बंद करायची नाही. ती घेतली आहे एवढं थेरपिस्टला सांगायचं.

ताप, जुलाब, अंगावर संसर्गाचं पुरळ, नायटा, उन्हाने भाजलेली त्वचा किंवा गेल्या दोन-तीन दिवसांतली ताजी मुरगळ असेल तर अपॉइंटमेंट पुढे ढकला. पाळी चालू असताना मसाज घ्यायला हरकत नाही. पोट किंवा कंबर नाजूक वाटत असेल तर तो भाग वगळायला सांगायचं.

फॉर्म

फॉर्ममधले आजारांचे प्रश्न पाहून "मसाजला याची काय गरज?" असं वाटतं आणि लोक सरसकट 'नाही'वर खुणा करून मोकळे होतात. हे सगळ्यात महागात पडू शकतं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर जोराच्या दाबाने मोठे काळे-निळे डाग पडतात, आत रक्तस्रावही होऊ शकतो. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी असेल तर मसाजने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. म्हणून एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, विशेषतः लांबचा प्रवास किंवा ऑपरेशन झाल्यावर, तर थेरपिस्टकडे न जाता थेट डॉक्टरकडे जायचं. नुसतं पोटरी आखडलीय म्हणून चोळून घ्यायचं नाही.

हाडं ठिसूळ असणं किंवा बरीच वर्षं स्टेरॉइड चालू असणं सांगितलं की बरगड्या आणि मणक्यांवरचा दाब कमी ठेवला जातो. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झाली असेल तर तिथला दाब तुम्हाला नीट कळणार नाही, त्यामुळे "चालेल" या तुमच्या उत्तरावर विसंबता येत नाही. इन्सुलिन नुकतंच जिथे टोचलं तो भाग चोळला तर ते नेहमीपेक्षा लवकर रक्तात उतरू शकतं. औषधाचा पॅच लावला असेल तर तीही जागा वगळावी लागते. फुगलेल्या निळ्या शिरांवर सरळ दाब देत नाहीत. गरोदर असाल तर कुशीवर झोपवून मसाज करतात आणि तशी सवय असलेला थेरपिस्टच निवडावा. कर्करोगाचे उपचार चालू असतील किंवा झाले असतील तर डॉक्टरांना विचारून जा. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येण्याचा धोका राहतो, म्हणून त्या हातासाठी वेगळं प्रशिक्षण घेतलेलं माणूस हवं. सुक्यामेव्याची ॲलर्जी असेल तर बदामाचं तेल चालणार नाही, हेही याच फॉर्मवर लिहायचं.

फॉर्मच नसेल आणि तोंडीही कोणी काही विचारलं नाही, तर तिथे थेरपी मिळत नाही, एवढं समजून घ्यावं.

हात लावण्याआधीची दहा मिनिटं

चांगला थेरपिस्ट आधी बोलतं करतो. कुठे दुखतं, कधीपासून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, सकाळी जास्त की संध्याकाळी, झोपमोड होते का, हातापायात मुंग्या येतात का. उत्तर जितकं नेमकं तितकं काम नेमकं. "पाठ दुखते" यातून काहीच कळत नाही. "दोन तास बसलं की उजव्या फऱ्याच्या आतल्या कडेला जळजळतं आणि मान डावीकडे वळवताना ओढ बसते" यातून बरंच कळतं.

मग हालचाली पाहिल्या जातात. मान दोन्हीकडे वळवणं, कान खांद्याकडे नेणं, हात सरळ वर उचलणं, पुढे वाकणं. निरोगी मान दोन्ही बाजूंना साधारण ७० ते ८० अंश वळते. एका बाजूला ती अडत असेल तर ती जागा तुम्हीही लक्षात ठेवा. मसाज झाल्यावर तीच हालचाल पुन्हा करून पाहायची असते. बरं वाटणं आणि बरं होणं यांतला फरक त्या पुन्हा केलेल्या चाचणीत दिसतो. थेरपिस्टने ती स्वतःहून केली नाही तर तुम्ही करा.

दुखतं एकीकडे आणि हात चालतो दुसरीकडे, याचं आश्चर्य वाटू देऊ नका. फऱ्यांच्या मधे दुखत असताना छातीच्या स्नायूंवर काम करणं, कपाळ दुखत असताना मानेच्या मुळाशी दाबणं हे नेहमीचं आहे. स्नायूतला दुखरा बिंदू दूरवर कळ पाठवतो, याचे तपशीलवार नकाशे अमेरिकी डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स यांनी विसाव्या शतकात तयार केले. हे बिंदू नेमके कशामुळे तयार होतात यावर आजही वाद आहे, पण टेबलावर ते नकाशे अनेकदा उपयोगी पडतात. मात्र का आणि कुठे हात लावणार हे थेरपिस्टने आधी सांगायला हवं, विशेषतः छाती, नितंब, पोट किंवा मांडीच्या आतल्या बाजूला.

कपडे आणि चादर

पहिल्या वेळी खरी धाकधूक इथे असते. पद्धत अशी: थेरपिस्ट कसं झोपायचं ते सांगून खोलीबाहेर जातो. तुम्ही स्वतःला जेवढं योग्य वाटतं तेवढेच कपडे काढता, टेबलावर झोपता आणि चादर अंगावर घेता. तो दार वाजवून, विचारून आत येतो. ज्या भागावर काम चालू असेल तेवढीच चादर बाजूला होते आणि काम संपलं की तो भाग पुन्हा झाकला जातो. आतले कपडे अंगावर ठेवणं पूर्णपणे नेहमीचं आहे. सगळे कपडे ठेवूनही मसाज होतो. तेल लागत नाही आणि दाबण्या-ताणण्यावर भर राहतो. नितंबांवरचं काम चादरीवरून होऊ शकतं. जननेंद्रियांना स्पर्श हा कुठल्याही थेरपीचा भाग नसतो. आतले कपडे काढायचा आग्रह, चादरीखाली जाणारा हात, तुमच्या शरीरावर शेरे यांपैकी काहीही झालं तर उठून निघायचं. कारण सांगत बसायची गरज नाही.

टेबलावर झोपल्यावर चेहऱ्याची उशी लगेच जुळवून घ्या. भार कपाळ आणि गालांच्या हाडांवर यायला हवा, हनुवटी किंवा गळ्यावर नाही. मान किंचित खाली झुकलेली राहिली पाहिजे. उशी फार वर असली तर मान मागे मोडते, आणि मानेसाठी गेलेला माणूस मान आखडून परत येतो. पालथं असताना घोट्यांखाली लोड हवा, उताणं असताना गुडघ्यांखाली. त्याने कमरेवरचा ताण लगेच उतरतो. छातीखाली दुखत असेल तर गुंडाळलेला टॉवेल मागा. पालथं पडून वीस मिनिटांत नाक चोंदतं, हे बहुतेकांना होतं. सर्दीची सवय असेल तर आधी उताणं सुरू करायला सांगा. अंग सैल पडलं की थंडी वाजते, तेव्हा जास्तीची चादर आधीच मागून ठेवलेली बरी.

प्रत्यक्ष मसाज आणि दाबाचं बोलणं

सुरुवात लांब, सरकत्या हातांनी होते. त्याने तेल पसरतं, त्वचा गरम होते आणि कुठे घट्ट आहे ते थेरपिस्टच्या तळव्याला कळतं. मग कणीक मळल्यासारखं स्नायू उचलून दाबणं, बोटांनी छोट्या जागेवर घर्षण, कधी थोपटणं आणि कंप देणं. याला 'स्वीडिश' म्हणतात, पण या हातांना फ्रेंच नावं देऊन त्यांची रीतसर मांडणी केली ती एकोणिसाव्या शतकातल्या योहान मेट्सगर या डच डॉक्टरांनी. खोल दाबाच्या कामात तेल मुद्दाम कमी असतं, कारण हात घसरला तर खाली पोचत नाही. हे काम हळू चालतं. घाईघाईने कोपर फिरवणं म्हणजे खोल मसाज नव्हे. त्याने स्नायू उलट स्वतःला आवळून घेतो. दुखऱ्या बिंदूवर ३० ते ६० सेकंद दाब धरतात आणि तेवढ्यात कळ निम्म्यावर यायला हवी. वाढतच गेली तर दाब जास्त आहे किंवा जागा चुकली आहे.

दाब ० ते १० मध्ये सांगायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. ० म्हणजे नुसता स्पर्श, १० म्हणजे सहन न होणं. काम ४ ते ६ मध्ये ठेवायचं, ७ च्या वर जाऊ द्यायचं नाही. "सहन केलं तर फायदा होतो" ही समजूत फार घट्ट बसलेली आहे आणि तीच सगळ्यात जास्त नुकसान करते. श्वास रोखला गेला, मुठी वळल्या, पायाची बोटं आखडली की शरीराने नकार दिलेला असतो. तोंडाने "चालेल" म्हणत राहिलं तरी स्नायू सैल होत नाही. अंगठा, कोपर, तळवा प्रत्येकाचा दाब वेगळा, आणि पाठीला जो ५ वाटतो तो पोटरीला ८ वाटू शकतो. म्हणून एकदा सांगून भागत नाही, भाग बदलला की पुन्हा सांगायचं. "इतकाच ठेवा", "थोडं खाली", "तिथे नको" एवढे तीन शब्दप्रयोग पुरतात.

बोथट, खोल, "हो, हीच जागा" असं वाटणारं दुखणं चालतं. टोचरी, जळजळती, विजेच्या झटक्यासारखी कळ किंवा बोटांपर्यंत जाणाऱ्या मुंग्या म्हणजे नस दाबली जाते आहे, लगेच थांबवा. गळ्याची पुढची बाजू, काख, जांघ, कोपराचा आतला आणि गुडघ्याच्या मागचा खळगा इथे नसा आणि रक्तवाहिन्या उथळ असतात. तिथे जोर लावणारा हात शिकलेला नसतो. मानेला झटका देऊन आवाज काढणं हाही मसाजचा भाग नाही. मानेतली रक्तवाहिनी फाटण्याचा धोका विरळा असला तरी खरा आहे. "तसं काही करणार असाल तर नको" हे आधीच सांगून ठेवा.

पोट गुरगुरणं, लाळ गळणं, घोरणं, अचानक रडू येणं, पुरुषांना नकळत ताठरता येणं या शरीर सैल पडल्यावरच्या आपोआप होणाऱ्या गोष्टी आहेत. थेरपिस्टला त्या ठाऊक असतात. माफी मागायची गरज नाही. बोलायचं की गप्प राहायचं हेही तुम्हीच ठरवायचं.

उठल्यावर आणि पुढचे दोन दिवस

थेरपिस्ट बाहेर गेल्यावर झटकन उठू नका. रक्तदाब थोडा उतरलेला असतो, चक्कर येते. आधी कुशीवर वळा, हाताने रेटून बसा, एक मिनिट पाय खाली सोडून थांबा. तळपायाला तेल असतं, गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो. आधी पुसून मग उभं राहा.

"भरपूर पाणी प्या, विषारी द्रव्यं निघून जातात" असं हमखास ऐकवलं जाईल. तहान लागली तर पाणी प्यावं, पण मसाजने स्नायूंतली विषं बाहेर पडतात याला आधार नाही. लॅक्टिक ॲसिडचंही तेच; व्यायामानंतर ते साधारण तासाभरात शरीर स्वतःच संपवतं. २०१२ मध्ये मॅकमास्टर विद्यापीठाच्या अभ्यासात व्यायामाने थकलेल्या मांड्यांवर मसाज करून स्नायूचे नमुने तपासले. त्यात दाहाचे संकेत कमी झाले होते, लॅक्टेटवर फरक नव्हता. अभ्यास ११ तरुणांवरचा, म्हणजे छोटा आहे, पण दिशा दाखवतो.

दुसऱ्या दिवशी, नव्या व्यायामानंतर जसं अंग दुखतं तसं दुखू शकतं. २४ ते ४८ तासांत ते ओसरतं. तीन दिवसांनंतरही टिकलं किंवा डाग पडले तर दाब जास्त होता. पुढच्या वेळी तसं स्पष्ट सांगा. लघवी गडद तपकिरी झाली आणि अंग विलक्षण दुखायला लागलं तर लगेच डॉक्टर गाठा. अति जोराच्या मसाजने स्नायू तुटल्याचं ते लक्षण असू शकतं. फार क्वचित घडतं, पण मूत्रपिंडाला धोका असतो. त्या दिवशी जड व्यायाम नको. चालणं आणि हलक्या हालचाली मात्र जरूर कराव्यात, नाहीतर मोकळी झालेली मान खुर्चीत दोन तासांत पुन्हा आखडते.

महिन्यांनंतर काय टिकलं, काय नाही

मान-खांद्यांचं आखडणं, ताणाने येणारी डोकेदुखी, झोप: या तीन बाबतींत नियमित मसाजचा फायदा जाणवतो आणि तो खरा आहे. बसण्याची ढब त्याने बदलत नाही. मणक्यातली चकती "जागेवर" जात नाही, आणि कोणी हाताने मणका सरकवून दिल्याचं सांगितलं तर विश्वास ठेवू नये. वजन तर मुळीच कमी होत नाही.

एकाच भेटीचा परिणाम थोडे दिवस टिकतो, साखळीचा जास्त. जुन्या कंबरदुखीवर २०११ मध्ये ४०१ लोकांवर झालेल्या अमेरिकी अभ्यासात दर आठवड्याला एक अशा १० भेटी दिल्या. नेहमीच्या उपचारांपेक्षा मसाज घेणाऱ्यांना जास्त आराम पडला, आणि विशेष म्हणजे नेमक्या स्नायूंवर केलेला मसाज आणि साधा आरामाचा मसाज यांत मोठा फरक दिसला नाही. वर्षाअखेर मात्र फायदा बराच ओसरला होता. २०१४ मध्ये मानदुखीवर झालेल्या अभ्यासात ६० मिनिटांच्या, आठवड्याला दोन-तीन भेटी उपयोगी ठरल्या. ३० मिनिटांच्या भेटींचा तसा उपयोग दिसला नाही. कमी वेळाच्या पुष्कळ भेटींचं पॅकेज घेण्याआधी हे लक्षात घ्यावं. किंबहुना पहिल्याच दिवशी कुठलंच पॅकेज घेऊ नये.

व्यवहारात जमतं ते असं: पहिला महिना-दीड महिना आठवड्याला एक, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने किंवा गरज पडेल तेव्हा. मधल्या काळात थेरपिस्टने दाखवलेले दोन-तीन व्यायाम रोज केले तर हे अंतर वाढवता येतं. केले नाहीत तर प्रत्येक भेट पहिलीसारखीच सुरू होते. दोन भेटींच्या मधे वहीत तीनच नोंदी ठेवा: दुखणं १० पैकी किती, मान किंवा कंबर कुठपर्यंत वळते, आणि रात्री दुखण्याने किती वेळा जाग आली. चार ते सहा भेटींत तिन्हींपैकी काहीच हललं नाही, तर थेरपिस्ट बदला किंवा डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद कमी होणं, जांघेभोवती बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं यांपैकी काही दिसलं तर भेटी मोजत बसायचं नाही. त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. विनाकारण वजन घटणं किंवा विश्रांतीतही न थांबणारं रात्रीचं दुखणं असेल तर पुढच्या मसाजआधी डॉक्टरकडून तपासून घ्या.